फराळ किती करायचा, हे एक्सेलला कसं विचारावं

दसरा उलटला की कोथरूड, सहकारनगर, सदाशिव पेठेतल्या फराळ विकणाऱ्या कितीतरी स्वयंपाकघरांना एकच घोर लागतो: यंदा चकली किती, लाडू किती आणि करंजीच्या भानगडीत पडायचं का? उत्तर बहुतेक वेळा ‘गेल्या वर्षी दीडशे किलो गेली, यंदा पावणेदोनशे करू’ अशा चालीचं असतं. त्यात काही वावगं नाही, अनुभवच बोलत असतो. पण तिसरी कढई भाड्याने आणावी का, बेसन महागलं तर भाव वाढवावा की लाडू कमी करावेत, करंजी सोडून चिवडा वाढवला तर काय होईल, असे प्रश्न एकत्र आले की अंदाज अपुरा पडतो. अशा वेळी एक्सेलसारखी स्प्रेडशीट उपयोगी पडते.

स्प्रेडशीटचा जन्मच मुळी या गरजेतून झाला. डॅन ब्रिकलिन हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत होता. फळ्यावर मांडलेल्या कोष्टकातला एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून नव्याने मांडावे लागतात, हे त्याला खटकलं. बॉब फ्रँकस्टनच्या साथीने त्याने १९७९ मध्ये ‘व्हिजिकॅल्क’ बाजारात आणलं. आज आपण एक्सेलचा उपयोग बिलं छापायला आणि याद्या ठेवायलाच जास्त करतो. ‘हे बदललं तर?’ हा मूळ प्रश्न स्प्रेडशीटला क्वचितच विचारतो.

पुढचं उदाहरण फराळाचं आहे. आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत. तुमचे तुम्ही घाला. भोसरीतल्या वर्कशॉपला किंवा कॅम्पातल्या बेकरीलाही हीच रीत चालते. फक्त कढईच्या जागी लेथ किंवा ओव्हन येईल.

पहिलं काम कागदावर

लॅपटॉप उघडायच्या आधी एक पाठकोरा कागद घ्या आणि तीन याद्या करा. पहिल्या यादीत आपल्या हातातल्या गोष्टी: चार पदार्थ किती किलो करायचे. दुसरीत आपल्या हातात नसलेल्या: मार्केट यार्डातला बेसनाचा भाव, तेल, गिऱ्हाइकाची मागणी. तिसरीत मर्यादा: माणसं किती, कढया किती, दिवस किती. ही वाटणी नीट झाली की अर्धं काम झालं. मी पाहिलेल्या बहुतेक फसलेल्या शीटमध्ये गणित बरोबर असतं. हातातल्या आणि हाताबाहेरच्या गोष्टींची मात्र खिचडी झालेली असते.

आपल्या उदाहरणात सहा बायका, आठ तास, पंधरा दिवस, म्हणजे ७२० तास. दोन मोठ्या कढया, आठ तास, पंधरा दिवस, म्हणजे २४० कढई-तास. बायकांची मजुरी दिवसाला ६०० रुपये, म्हणजे एकूण ५४,०००. जागेचं भाडं ३०,०००.

हे ८४,००० रुपये किलोवर वाटू नका. बरेच जण मजुरी आणि भाडं भागून ‘चकली मला अमुक रुपयाला पडते’ असं काढतात आणि तिथेच फसतात. बायका दिवसभरासाठी ठरवल्या आहेत. चकली दहा किलो कमी केली म्हणून मजुरी कमी होणार नाही. निर्णय बदलल्यावर जो खर्च बदलतो तोच किलोच्या हिशोबात धरायचा: माल, तेल, गॅस, पॅकिंग. विक्रीच्या भावातून तो वजा केला की किलोमागे किती सुटतात ते कळतं. मजुरी-भाडं शेवटी एकदम वजा करायचं.

शीटची मांडणी

पहिल्या ओळीत मथळे. दुसऱ्या ते पाचव्या ओळीत चार पदार्थ.

| ए: पदार्थ | बी: भाव | सी: माल खर्च | डी: सुटतात | ई: हाताचे तास | एफ: कढईचे तास | जी: मागणी |
|---|---|---|---|---|---|---|
| चकली | ५६० | २६० | ३०० | ०.७५ | ०.५० | ४०० |
| बेसन लाडू | ६४० | ३८० | २६० | ०.५० | ०.२५ | ४०० |
| चिवडा | ४०० | २४० | १६० | ०.२५ | ०.२० | ६०० |
| करंजी | ६६० | ३१० | ३५० | १.२५ | ०.३० | २०० |

तास किलोमागचे आहेत, मागणी हंगामाची किलोत. लाडवाला कढई कशाला, असं विचारू नका. बेसन भाजायला ती अडकतेच.

एच स्तंभ रिकामा ठेवा. ‘किती करायचं’ हे तिथे येणार आहे, म्हणून त्या चार घरांना पिवळा रंग द्या. बाहेरून आलेले आकडे निळ्या अक्षरात, सूत्रं काळ्या अक्षरात. रंगांचा हा शिस्तीचा भाग कंटाळवाणा वाटतो, पण पुढच्या दिवाळीत तीच शीट उघडाल तेव्हा कोणता आकडा कुठून आला हे शोधत बसावं लागणार नाही.

डी मध्ये बी वजा सी. खाली तीन सूत्रं लागतात आणि तिन्ही ‘समप्रॉडक्ट’ या एकाच फंक्शनने होतात; दोन स्तंभांतले आकडे ओळीओळीने गुणून ते सगळ्यांची बेरीज करतं. डी आणि एच स्तंभांचं समप्रॉडक्ट म्हणजे एकूण सुटणारे पैसे. ई आणि एच चं म्हणजे लागलेले हाताचे तास. एफ आणि एच चं म्हणजे लागलेले कढईचे तास. ७२० आणि २४० हे आकडे सूत्रात कोंबू नका; शेजारी स्वतंत्र घरात लिहा. सूत्रात गाडलेला आकडा नंतर सापडत नाही.

आता तपासणी. एच मध्ये सगळीकडे १०० टाका. पैसे १,०७,००० यायला हवेत, हाताचे तास २७५, कढईचे १२५. तोंडी करून बघा. हे आकडे जुळले नाहीत तर पुढे जाऊ नका. बहुधा एखादी ओळ सूत्राच्या पट्ट्यातून सुटलेली असते. ही चूक थोरामोठ्यांकडूनही होते. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या २०१० मधल्या, सरकारी कर्ज आणि विकासदर यांवरच्या गाजलेल्या निबंधात सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटले होते. २०१३ मध्ये थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने त्यांची शीट मागवून ते दाखवून दिलं, तोवर तो निबंध जगभरच्या अर्थमंत्र्यांच्या वादात वापरून झाला होता.

सॉल्व्हर लावणे

मर्यादांत बसणारं सगळ्यात फायद्याचं उत्तर शोधून देणारा सॉल्व्हर एक्सेलमध्ये असतो, पण झाकलेला. फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स असं जा, खाली ‘गो’ दाबा आणि ‘सॉल्व्हर ॲड-इन’वर टिक करा. मग तो डेटा टॅबच्या उजव्या टोकाला दिसतो. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये तो टूल्स मेनूत आहे आणि फुकट आहे.

सॉल्व्हरच्या खिडकीत ‘सेट ऑब्जेक्टिव्ह’मध्ये एकूण पैशाचं घर द्या आणि ‘मॅक्स’ निवडा. ‘चेंजिंग व्हेरिएबल सेल्स’मध्ये चार पिवळी घरं. मर्यादा तीन: हाताचे तास ७२० च्या घरापेक्षा कमी किंवा तितकेच, कढईचे तास २४० च्या घरापेक्षा कमी किंवा तितकेच, एच स्तंभ जी स्तंभापेक्षा कमी किंवा तितकाच. ‘नॉन-निगेटिव्ह’वर टिक हवीच, नाहीतर सॉल्व्हर खुशाल उणे किलो चकली करायला सांगेल. पद्धत ‘सिम्प्लेक्स एलपी’. जॉर्ज डँटझिगने ही रीत १९४७ मध्ये मांडली आणि असल्या सरळ बेरीज-गुणाकाराच्या प्रश्नांना ती हमखास सगळ्यात चांगलं उत्तर देते.

‘सॉल्व्ह’ दाबा. उत्तर येतं: करंजी २००, लाडू ४००, चिवडा ४००, चकली शून्य. पैसे २,३८,०००.

चकली शून्य! पुण्यात चकलीशिवाय फराळ विकायला बसलात तर गिऱ्हाईक लाडूही न घेता निघून जाईल, वर दोन शब्द ऐकवून. पण सॉल्व्हरवर चिडू नका. चकली किलोमागे अर्धा तास कढई अडवते आणि ३०० रुपये देते, म्हणजे कढईच्या तासाला ६००. चिवडा तासाला ८०० देतो, लाडू १,०४०, करंजी जवळपास १,१६७. आपण सांगितलं तेवढंच त्याने ऐकलं. लोक फराळ संच म्हणून घेतात ही गोष्ट आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे की ती लिहायचीच राहून गेली. असं विचित्र उत्तर येतं तेव्हा खरं तर आनंद मानावा, कारण डोक्यातला एक न लिहिलेला नियम सापडलेला असतो.

तो आता लिहा. चकली लाडवाच्या निम्मी तरी हवी. शेजारच्या एका घरात ‘लाडू भागिले २’ हे सूत्र घाला आणि चकलीचं घर त्यापेक्षा जास्त किंवा तितकंच असावं अशी मर्यादा जोडा. एवढंच करून थांबलात तर सॉल्व्हर चिवडा शून्यावर नेतो, म्हणून चिवड्यालाही तोच नियम लावा. परत चालवा: चकली १५०, लाडू ३००, चिवडा १५०, करंजी २००. पैसे २,१७,०००. मजुरी-भाडं जाऊन १,३३,०००. संच पुरवण्याची किंमत २१,००० रुपये पडली, आणि गिऱ्हाईक टिकवायचं तर ती मोजायला हरकत नसावी.

एक सूचना. नियम लिहिताना ‘इफ’, ‘मॅक्स’, ‘मिन’, ‘राउंड’ ही फंक्शन पिवळ्या घरांवर वापरू नका. सिम्प्लेक्सला ती पचत नाहीत आणि सॉल्व्हर ‘लिनिअरिटी’ची तक्रार करून थांबतो.

तिसरी कढई आणावी का

उत्तर आल्यावर सॉल्व्हर रिपोर्ट देऊ का विचारतो. तिथे ‘सेन्सिटिव्हिटी’ निवडा. बहुतेक लोक ही खिडकी ‘ओके’ करून बंद करतात. माझ्या मते मुख्य उत्तरापेक्षा हा रिपोर्ट जास्त मोलाचा आहे. त्यात ‘शॅडो प्राइस’ नावाचा स्तंभ असतो. कढईच्या तासांपुढे सुमारे ८१७ दिसेल, हाताच्या तासांपुढे शून्य. म्हणजे कढईचा आणखी एक तास मिळाला तर ८१७ रुपये जास्त सुटतील आणि आणखी एक बाई ठेवली तर एक रुपयाही वाढणार नाही, कारण ७२० पैकी १७० तास आधीच रिकामे आहेत. रिपोर्ट मिळत नसेल तर २४० चे २४१ करून सॉल्व्हर परत चालवा. जो फरक पडेल तीच ही किंमत.

आता तिसऱ्या कढईचे १२० तास आहेत म्हणून १२० गुणिले ८१७ करायला धावू नका. त्याच ओळीत ‘अलाउएबल इन्क्रीज’ ६० दाखवलेलं असतं. ८१७ चा भाव पहिल्या ६० तासांपुरताच. तोवर लाडू ४०० ला पोचतात आणि मागणी संपते. पुढचे तास चिवड्याला जातात, तिथे भाव ८००. आणखी ५६ तासांनी बायकांचे ७२० तास भरतात आणि उरलेल्या चार तासांना ७५० च मिळतात. म्हणून अंदाज न करता २४० च्या जागी ३६० टाकून परत चालवलेलं बरं. उत्तर: चकली १९०, लाडू ३८०, चिवडा ५५०, करंजी २००, पैसे ३,१३,८००. म्हणजे ९६,८०० ची वाढ. भट्टीचं भाडं, तिच्यावर उभ्या राहणाऱ्या आचाऱ्याची मजुरी आणि चिवडा खरंच ५५० किलो खपेल का ही शंका, हे सगळं या आकड्यासमोर ठेवून ठरवा. चिवडा १५० वरून ५५० वर गेला आहे, हे विसरू नका.

कोणत्या आकड्याची खातरजमा करायची

शीटमधले सगळे आकडे सारखे महत्त्वाचे नसतात. दोन कढयांच्या योजनेवर परत या आणि एकेक आकडा थोडा हलवून सॉल्व्हर चालवा. विक्रीचा भाव पाच टक्के पडला तर २३,४०० जातात. मालाचा खर्च दहा टक्के वाढला तर २५,१०० जातात. कढईचे तास दहा टक्के घटले तर १९,६००. मजुरी दहा टक्के वाढवली तर फक्त ५,४००.

प्रत्यक्षात घासाघीस कुठे चालते? मजुरीवर. ६०० मागणाऱ्या बाईला ५५० वर आणण्यात सकाळ घालवायची आणि बेसनाचा भाव मात्र नेहमीच्या दुकानदाराला फोनवर विचारून ‘ठीक आहे’ म्हणायचं. हा हिशोब उलटा सांगतो: भुसार विभागात स्वतः जाऊन दोन-तीन गाळ्यांत भाव काढा आणि बायकांना नीट पैसे द्या.

कढईच्या तासांचा आकडाही नुसता धरलेला आहे. एका किलो चकलीला खरंच अर्धा तास लागतो का? पहिल्या दिवशी एक घाणा घड्याळ लावून तळा. ०.५ ऐवजी ०.४ निघाला तर १३,००० हून जास्त रुपये वाढतात. आणि आठ तासांत तेल तापणं, गाळणं, कढई घासणं हे सगळं धरलं आहे का? नसेल तर आठाच्या जागी साडेसहा लिहा, आणि तिसऱ्या कढईचा विचार त्या आकड्यावर करा.

करंजीचं खरं गणित

आतापर्यंत आपण करंजीची मागणी २०० धरली. पण समजा तुमच्या वह्या सांगतात की ती कधी ८०, कधी १२०, १६०, २००, तर कधी २४० किलो गेली. पाचही शक्यता सारख्याच धरू. उरलेली करंजी पाडव्यानंतर २०० रुपये किलोने काढावी लागते. (सुक्या खोबऱ्याची, ओल्या नारळाची तेवढी टिकणार नाही.)

यासाठी वेगळी शीट उघडा, कारण इथे ‘मिन’ लागणार आहे. वर एका घरात करंजीचे किलो लिहा. खाली पाच ओळींत पाच मागण्या. प्रत्येक ओळीत विक्री म्हणजे केलेली आणि मागणी यांतला लहान आकडा, उरलेली म्हणजे केलेली वजा विक्री, आणि पैसे म्हणजे विक्री गुणिले ६६०, अधिक उरलेली गुणिले २००, वजा केलेली गुणिले ३१०. पाच ओळींची सरासरी काढा.

नुसत्या करंजीकडे पाहिलं तर २०० किलोला सरासरी ४७,९२० सुटतात, १२० किलोला ३८,३२०. म्हणजे २०० च कराव्यात असं वाटतं. पण करंजीने अडवलेली कढई फुकट नाही. एका किलोला ०.३ तास, तासाचे ८१७, म्हणजे २४५ रुपये. हे पैसे कुठल्याच बिलावर दिसत नाहीत. एक किलो करंजी तुम्हाला ३१० ला पडत नाही, ५५५ ला पडते. विकली गेली तर १०५ चा फायदा, उरली तर ३५५ चा फटका.

म्हणून सरासरीत आणखी एक रक्कम मिळवा: (२४० वजा (०.३ गुणिले करंजी)) भागिले ०.६, गुणिले ४९०. एक किलो लाडू, अर्धा किलो चकली, अर्धा किलो चिवडा असा संच कढई ०.६ तास घेतो आणि ४९० रुपये देतो, त्याचा हा हिशोब. आता एका स्तंभात एकाखाली एक ८०, १२०, १६०, २००, २४० लिहा. शेजारच्या स्तंभात, ८० च्या एक ओळ वर, एकूण सरासरीच्या घराचा संदर्भ द्या. पूर्ण चौकट निवडा आणि डेटा, ‘व्हॉट-इफ ॲनालिसिस’, ‘डेटा टेबल’ असं जा. ‘कॉलम इनपुट सेल’मध्ये करंजीच्या किलोचं घर द्या. हे घर त्याच शीटवर असावं लागतं.

उत्तरं अशी येतात: ८० किलोला २,०४,४००, १२० ला २,०४,९२०, १६० ला २,०१,७६०, २०० ला १,९४,९२०, २४० ला १,८४,४००. सॉल्व्हरने छातीठोकपणे सांगितलेले २०० किलो सरासरीने दहा हजार रुपये महाग पडतात. ८० आणि १२० मध्ये फरक फक्त ५२० रुपयांचा, म्हणजे तिथे शीटचं न ऐकता बायकांना विचारा. करंज्या भरून, मुरड घालून हात दुखतात ते त्यांचे, आणि किलोला सव्वा तास जातो तोही त्यांचा.

१२० धरल्या तर उरलेल्या कढईत लाडू ३४०, चकली १७०, चिवडा १७० बसतात. लाडवाच्या ४०० च्या मागणीत अजून थोडी मोकळीक राहते, त्यामुळे हा भाग बऱ्यापैकी सुरक्षित आहे.

हंगाम सुरू झाल्यावर

पंधरा दिवस एकसारखे नसतात. अमेरिकेत, युरोपात पोराबाळांना पाठवायच्या फराळाच्या ऑर्डरी आधी येतात, कारण कुरियरला वेळ लागतो. शेजारपाजारच्या ऑर्डरी शेवटच्या चार दिवसांत कोसळतात. शक्य असेल तर एच स्तंभाचे दोन करा, पहिला आठवडा आणि दुसरा, आणि कढईची मर्यादा दोन्हींना वेगवेगळी लावा. फाइल थोडी मोठी होते, रीत तीच राहते.

पाचव्या-सहाव्या दिवशी शीट परत उघडा. जे तळून झालं आहे ते प्रत्येक पदार्थाची किमान मर्यादा म्हणून घाला. कढईचे तास २४० च ठेवा, पण झालेल्या मालाला कढईने प्रत्यक्षात किती तास घेतले ते पाहून एफ स्तंभ दुरुस्त करा. जी स्तंभात अंदाजाऐवजी नोंदवलेल्या ऑर्डरी अधिक थोडा वाढावा लिहा. मग सॉल्व्हर चालवा आणि नव्या एच स्तंभातून झालेला माल वजा करा. उरेल तेवढ्याचीच बेसनाची आणि पोह्यांची दुसरी यादी दुकानदाराला पाठवा.